लांबी वाढवली कुणी?

वेस्टर्न चित्रपटांच्या घरी पाहण्यासाठी निघालेल्या विस्तारित आवृत्त्यांविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ मी कॉलेजात असताना थिएटरमध्ये पाहिला होता. अलीकडे मुलाने त्याची विस्तारित आवृत्ती आणून दिली. तिच्यातल्या काही प्रसंगांत टुकोचा आवाज एकाएकी घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा होतो आणि पुढच्या प्रसंगात पुन्हा पूर्वीसारखा ऐकू येतो. डिस्क सदोष आहे का? — एक वाचक, सांगली

डिस्क सदोष नाही. आपल्या कानांनी अगदी बरोबर टिपले आहे. तो आवाज खरोखरच एका वृद्ध माणसाचा आहे.

सर्जिओ लिओने यांचा हा चित्रपट डिसेंबर १९६६ मध्ये इटलीत झळकला, तेव्हा तो पावणेतीन तासांहून अधिक लांबीचा होता. पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रदर्शित करताना तो सुमारे १६१ मिनिटांवर आणला गेला आणि आपण थिएटरमध्ये पाहिलात तो बहुधा हाच. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज वापरण्याची पद्धत नव्हती. प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलत असे आणि सगळे संवाद नंतर ध्वनिमुद्रण कक्षात भरले जात. इंग्रजी संवाद भरण्याची वेळ आली तेव्हा गाळलेले प्रसंग बाजूला पडलेले होते, त्यामुळे ते फक्त इटालियनमध्येच राहिले. एमजीएम कंपनीने २००३ च्या सुमारास ते पुन्हा जोडायला घेतले, तेव्हा मूळ चित्रीकरणाला साडेतीन दशके उलटून गेली होती. क्लिंट ईस्टवुड यांनी सत्तरी ओलांडली होती आणि टुकोची भूमिका करणारे इलाय वॉलक सत्त्याऐंशीच्या घरात होते. दोघांनीही माइकसमोर उभे राहून आपल्याच जुन्या ओठांवर नव्याने शब्द बसवले. एंजल आइज झालेले ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच निवर्तले होते, म्हणून त्यांचे संवाद दुसऱ्या कलाकाराने म्हटले आहेत.

आवाजातली ही फट मला खटकत नाही, उलट ती उपयोगी वाटते, कारण कोणता प्रसंग मूळचा आणि कोणता नंतर जोडलेला, हे तिच्यामुळे प्रेक्षकाला आपोआप कळते. खरा प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे परत आणलेला प्रत्येक प्रसंग परत येण्याच्या योग्यतेचा होता का? माझ्या मते याचे उत्तर प्रसंगागणिक बदलते. एंजल आइज एका मोडकळीला आलेल्या किल्ल्यात जखमी सैनिकांमधून फिरतो, तिथल्या अधिकाऱ्याला दारूची बाटली देतो आणि सोन्याचे गुपित ठाऊक असलेल्या बिल कार्सनचा ठावठिकाणा काढून घेतो, हा प्रसंग परत यायलाच हवा होता. तो नसताना हा भाडोत्री मारेकरी एकदम शत्रूच्या छावणीत सार्जंटच्या गणवेशात कसा काय दिसतो, याचा उलगडा होत नाही. गुहेतल्या प्रसंगाचे मात्र वेगळे आहे. टुको कोंबडी घेऊन गुहेत शिरतो, एकटाच मोठमोठ्याने बोलत राहतो आणि त्याचे बोलणे ऐकून तीन जुने साथीदार दोरांवरून खाली उतरतात. प्रसंग गमतीचा आहे आणि वॉलक यांनी तो मनापासून रंगवला आहे. परंतु रोममधल्या पहिल्या खेळानंतर तो खुद्द लिओने यांनीच काढून टाकला होता. लिओने १९८९ मध्ये गेले आणि त्यानंतर चौदाएक वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी तो पुन्हा चित्रपटात बसवला. अशा आवृत्तीला ‘विस्तारित’ म्हणणे योग्य आहे, ‘दिग्दर्शकाची’ म्हणणे योग्य नाही.

नवी प्रत घेणार असाल तर आणखी एक गोष्ट सांगतो. २०१४ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत झालेल्या जीर्णोद्धारावरून जी ब्लू-रे निघाली, तिच्यात सगळ्या चित्रावर पिवळसर छटा आहे आणि निळे आकाशही त्यातून सुटलेले नाही. (आपल्या ‘शोले’चा जीर्णोद्धारही याच प्रयोगशाळेत झाला आणि मूळ शेवटासह तो २०२५ मध्ये बोलोन्यातच प्रथम दाखवला गेला.) अमेरिकेत २०१७ मध्ये किनो लॉर्बरने काढलेल्या संचात थिएटरमधली आणि विस्तारित अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात, म्हणून मी तोच संच सुचवीन. मात्र अमेरिकी ब्लू-रे ‘ए’ विभागाच्या असतात आणि भारत ‘सी’ विभागात येतो, तेव्हा मागवण्यापूर्वी आपला प्लेअर सर्व विभागांच्या डिस्क वाजवतो ना, याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : माझ्याकडच्या विस्तारित आवृत्तीच्या वेष्टनावर १७९ मिनिटे छापली आहेत, पण प्लेअरवर चित्रपट १७२ मिनिटांच्या आतच संपतो. सात मिनिटे सेन्सॉरने कापली असावीत का? — एक वाचक, चिपळूण

आपली डीव्हीडी पाल पद्धतीची असणार, आणि तसे असेल तर एकही चौकट कापलेली नाही. चित्रपट दर सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालतो. आपल्याकडची व युरोपातली टीव्हीची जुनी पाल पद्धत मात्र सेकंदाला २५ चौकटी दाखवते. डिस्क तयार करताना बहुतेक वेळा चित्रपट थोडा वेगात चालवूनच हा मेळ घातला जातो, त्यामुळे दर २५ मिनिटांमागे एक मिनिट वाचते. १७९ ला २४ ने गुणून २५ ने भागा, १७१ मिनिटे ५० सेकंद येतील.

डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, पण ज्यांचा कान तयार आहे त्यांना तो ऐकू येतो. वेग वाढला की स्वरही चढतो, आणि पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी एकमधली चीज जवळजवळ काळी एकला जाऊन पोहोचते. एन्नियो मोरिकोने यांच्या संगीतावर जीव असणाऱ्या माणसाला ते सोसणे कठीण आहे. ब्लू-रेवर चित्रपट साधारणतः २४ चौकटींनीच येतो, म्हणून तिथे ही अडचण उरत नाही. दोन आवृत्त्यांच्या लांबीची तुलना करण्यापूर्वी दोन्ही डिस्क कोणत्या पद्धतीच्या आहेत हे आधी पाहावे, नाहीतर नसलेल्या कापाकापीचा शोध लागतो.

प्रश्न : लांब आवृत्ती म्हणजेच दिग्दर्शकाला हवी असलेली आवृत्ती, असे धरून चालावे का? — एक वाचक, पुणे

तसे धरून चालू नये. काही वेळा ते खरे असते. सॅम पेकिनपा यांचा ‘द वाइल्ड बंच’ १९६९ मध्ये १४५ मिनिटांचा प्रदर्शित झाला आणि त्यानंतर त्यांच्या पाठीमागे त्यातली सुमारे दहा मिनिटे काढली गेली. नायक आणि त्याचा पाठलाग करणारा जुना मित्र यांचे पूर्वायुष्य सांगणारे प्रसंग त्यात गेले. १९९५ मध्ये ते परत आल्यावर चित्रपट पुन्हा मूळ रूपात उभा राहिला, तेव्हा इथे लांब आवृत्ती हीच खरी. त्याच पेकिनपांच्या १९६५ च्या ‘मेजर डंडी’ची १३६ मिनिटांची आवृत्ती २००५ मध्ये निघाली, पण तोवर त्यांना जाऊन वीसेक वर्षे झाली होती. परत आलेले प्रसंग त्यांचे असले तरी आवृत्तीसाठी नव्याने रचलेले संगीत त्यांनी कधी ऐकलेसुद्धा नव्हते.

केव्हिन कॉस्नर यांच्या ‘डान्सेस विथ वुल्व्हज’ची जवळपास चार तासांची आवृत्ती आवडीने पाहणारे पुष्कळ आहेत. तीत सू या मूळ अमेरिकी लोकांच्या वस्तीतले दिवस अधिक सावकाश उलगडतात, हे मलाही मान्य आहे. परंतु उत्कृष्ट संकलनासह सात ऑस्कर पारितोषिके मिळाली ती १८१ मिनिटांच्या चित्रपटाला, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि लांबी वाढवण्याची परिसीमा पाहायची असेल तर ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’चे उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर हा चित्रपट दाखवताना सुरुवातीला एक प्रसंग नव्याने चित्रित करून जोडण्यात आला. नायक पैशासाठी माणसे मारतो, हे घरोघरी दिसणाऱ्या माध्यमाला चालेना, म्हणून तो तुरुंगातून सुटून सरकारी कामगिरीवर निघाला आहे असे दाखवण्यात आले. ईस्टवुड त्यात नव्हतेच. पाठमोरा उभा बदली माणूस आणि मूळ चित्रपटातून उचललेले त्यांचे चेहऱ्याचे शॉट्स यांवर काम भागवले. लिओनेंचाही त्याच्याशी संबंध नव्हता, दिग्दर्शन माँटी हेलमन यांचे होते. हा प्रसंग पुढे डिस्कवर पुरवणी म्हणून आला आणि तेच त्याचे योग्य स्थान आहे.

मायकल चिमिनो यांच्या ‘हेवन्स गेट’ची गोष्ट उलटी आहे. तिथे लांब आवृत्ती आधी होती. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला दाखवलेला २१९ मिनिटांचा चित्रपट समीक्षकांनी झोडपल्यावर मागे घेतला गेला आणि पुढच्या वर्षी १४९ मिनिटांचा करून आणला गेला. या छोट्या आवृत्तीसाठी कात्री लागली ती मूळ निगेटिव्हलाच. केबल वाहिनी आणि व्हिडिओ कॅसेट यांनी लांब आवृत्ती जगवली. २०१२ मध्ये स्वतः चिमिनो यांच्या देखरेखीखाली क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने ती नव्याने सिद्ध केली, ती तीन रंगांसाठी वेगवेगळ्या जपलेल्या कृष्णधवल फिल्म एकत्र करून. ती २१६ मिनिटांची आहे, कारण मध्यंतर काढले आहे. आणि जुन्या प्रतींवर असलेली मातकट, तपकिरी छटाही चिमिनो यांनी तीत ठेवली नाही. त्यामुळे १९८० चे रंग हवे असतील तर जुन्या प्रतीच शोधाव्या लागतात.

प्रश्न : परदेशी असलेल्या काकांच्या सामानात जॉन वेन यांच्या ‘द अलामो’चा लेझरडिस्कचा संच मिळाला. ताटाएवढ्या तबकड्या आहेत आणि घरी वाजवायला यंत्र नाही. चित्रपट डीव्हीडीवर मिळतो, मग हा संच रद्दीत द्यावा का? — एक वाचक, ठाणे

कृपा करून देऊ नका. संचावर दिग्दर्शकाची आवृत्ती किंवा तीन तासांहून अधिक लांबी असा उल्लेख असेल, तर आपल्या हातात जे आहे ते डीव्हीडीवर नाही.

‘द अलामो’ हा वेन यांचा ध्यास होता. टेक्सासमधील ब्रॅकेटव्हिल येथे त्यांनी अलामो किल्ल्याचा भव्य देखावा उभारला, चित्रीकरण ६५ मिलिमीटर फिल्मवर केले आणि निर्मिती, दिग्दर्शन व डेव्ही क्रॉकेटची भूमिका अशा तिन्ही जबाबदाऱ्या अंगावर घेतल्या. २४ ऑक्टोबर १९६० रोजी सॅन अँटोनियोत पहिला खेळ झाला, तेव्हा आरंभीचे व मध्यंतराचे संगीत धरून त्याची लांबी सुमारे २०२ मिनिटे होती. पुढे सर्वत्र दाखवण्यासाठी तो १६७ मिनिटांवर आणला गेला. गाळलेल्या भागात पार्सन या पात्राचा मृत्यू आणि त्याच्या उशाशी क्रॉकेटने केलेली प्रार्थना आहे. युद्धपटात वेन इतके हळुवार क्वचितच दिसतात, आणि नेमके तेच प्रेक्षकांपासून हिरावले गेले.

तीसएक वर्षे लांब आवृत्ती नाहीशी झाल्याचेच मानले जात होते. १९९० च्या सुमारास कॅनडात टोरांटो येथे तिची ७० मिलिमीटरची एक पूर्ण प्रत सापडली. तिच्यावरून व्हिडिओसाठी नक्कल करण्यात आली आणि त्यावरून व्हीएचएस कॅसेट व लेझरडिस्क निघाल्या. त्याच वेळी त्या प्रतीवरून नवी निगेटिव्ह करून ठेवली असती तर आज हा प्रश्नच पडला नसता. तसे झाले नाही, आणि नीट न सांभाळल्यामुळे ती प्रत खराब होत गेली. या जातीच्या प्रतींना दोन रोग असतात. रंग उडून चित्र गुलाबी पडते, आणि ध्वनीसाठी कडेला लावलेल्या चुंबकीय पट्ट्यांमुळे ॲसिटेट फिल्म अधिक वेगाने कुजते. डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस भपकारा आला की समजावे, रीळ आतून आक्रसू लागले आहे. एकदा सुरू झालेली ही कूज उलटवता येत नाही. परिणामी पूर्ण लांबीचा ‘द अलामो’ आज बऱ्या दर्जात पाहायचा तर या लेझरडिस्कचाच आधार आहे.

आता त्या सांभाळायच्या कशा ते सांगतो. लेझरडिस्क म्हणजे दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असतात आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. डिंक सुटला किंवा आत दमट हवा शिरली की तो थर गंजतो आणि पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस दिसू लागतो. म्हणून तबकड्या आडव्या रचू नयेत, फडताळात पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दर दोन महिन्यांनी त्या बदलाव्यात. कडेला धरूनच उचलावे, चमकत्या भागाला बोट लावू नये. चालू स्थितीतला लेझरडिस्क प्लेअर जुन्या यंत्रांच्या संग्राहकाकडे मिळू शकतो. तो मिळाला की प्रत्येक बाजू एकदाच, सलग वाजवून चांगल्या व्हिडिओ कॅप्चर यंत्राने संगणकावर उतरवून घ्यावी. संगीताचे भाग कंटाळवाणे म्हणून गाळू नयेत. पडद्यावर चित्र नसले तरी दिमित्री टिओमकिन यांचे ते संगीत २०२ मिनिटांचाच भाग आहे. यंत्र मिळायला वेळ लागणार असेल तर तोवर तबकड्या पिशव्यांतून काढून उजेडात तिरक्या धरून पाहा आणि ठिपके किंवा ढगाळ डाग दिसतात का, ते मला अवश्य कळवा.