मागून ऊंऊं आवाज येतोय, डिफरन्शियल घरीच खोलू का?

प्रश्न: माझी गाडी जुनी आहे, रिअर व्हील ड्राइव्ह. स्पीड ६० च्या वर गेला की मागून ऊंऊं असा आवाज येतो, ॲक्सिलरेटर सोडला की कमी होतो. गॅरेजमध्ये म्हणाले अख्खं डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) बदला. मला क्लच, ब्रेक, इंजिनचं वरवरचं काम येतं. बेअरिंग आणि क्राउन-पिनियन (त्यातली मोठी दातेरी चकती आणि तिला फिरवणारा छोटा गिअर) घरी बदलता येईल का?

उत्तर: खोलायला काहीच अवघड नाही हो, दुपारभरात सगळं टेबलावर येईल. खरं काम मापं जुळवायचं आहे, आणि ती जुळली नाहीत तर नवीन क्राउन-पिनियनसुद्धा आत्ता येतोय त्याहून मोठ्याने ओरडेल.

म्हणून आधी आवाज नीट ऐका. जोर दिला की येतो आणि पाय काढला की जातो, किंवा उलट, तर बहुतेक दातांचा आहे. जोर द्या न द्या, घरघर चालूच, तर बेअरिंगवर संशय घ्या, त्यातही आवाज जरा वरच्या पट्टीतला असेल तर पिनियनचं, कारण पिनियन चाकाच्या तीन-चार पट फिरतो. फक्त वळताना कटकट येत असेल तर आतले स्टार पिनियन (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे छोटे गिअर) बघा, सरळ रस्त्यावर ते स्वतःभोवती जवळजवळ फिरतच नाहीत. वळणावर एका बाजूला भार पडला की आवाज वाढतो तेव्हा बऱ्याचदा चाकाचं बेअरिंग निघतं आणि डिफरन्शियल उगाच खोललं जातं. प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधेसुद्धा हलवून बघा. आणि सगळ्यात आधी ऑइलची लेव्हल! कमी ऑइलवर पळवलेल्या गाड्या असाच आवाज करतात.

ऑइल काढल्यावर मॅग्नेटवर राखाडी बारीक चिखल असेल तर ती नेहमीची झीज, पण बोटाला टोचणारे तुकडे सापडले तर काहीतरी तुटलंय हे नक्की.

गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावा, पुढच्या चाकांना अडसर लावा. कव्हर निघालं की लगेच बोल्ट खोलत सुटू नका, आधी जे आहे ते मोजून लिहून ठेवा. क्राउनच्या दातावर डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) बघा, साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडाच खरा. दातांना मार्किंग पेस्ट लावून फिरवा, दात कुठे टेकतात त्याचा ठसा (पॅटर्न) उमटेल, त्याचा फोटो काढा. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी पंचने खूण करा, त्या हाउसिंगवर बसवूनच मशिन केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) निघतील तशा बाजू लिहून वेगळ्या पिशव्यांत, हे कंटाळवाणं वाटतं पण इथेच पुढची डोकेदुखी वाचते.

आता निर्णय. दात चांगले आहेत, पॅटर्न मधोमध आहे, फक्त बेअरिंग गेलेत, तर घरी करा बिनधास्त. जुन्याच शिम परत वापरायच्या आणि नवीन बेअरिंगवर पॅटर्न पुन्हा तपासायचा. पण क्राउन-पिनियन बदलायचा असेल तर पिनियनची खोली शून्यापासून सेट करावी लागते, त्यासाठी प्रेस लागतो, बेअरिंग पुलर लागतो, आणि बसवा-बघा-परत काढा असं बऱ्याचदा करायची तयारी लागते. पॅटर्न दाताच्या मुळाशी आला तर पिनियन फार आत गेलाय, दाताच्या वरच्या कडेशी आला तर बाहेर राहिलाय. बॅकलॅशसाठी क्राउन डावी-उजवीकडे सरकवायचा, एका बाजूची जेवढी शिम काढाल तेवढीच दुसरीकडे घालायची म्हणजे बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) बदलत नाही. ०.१ मिमी सरकवलं की बॅकलॅश साधारण ०.०७ ने बदलतो, हे धरून चाललात तर अंधारात चाचपडावं लागणार नाही.

पिनियनचा नट ही सगळ्यात फसवी जागा. बऱ्याच गाड्यांत आत क्रश स्लीव्ह (आवळताना चेपली जाणारी नळी) असते, ती दाबायला भरपूर जोर लागतो, आणि मग अचानक सगळं पटकन घट्ट होतं. थोडं थोडं आवळा, प्रत्येक वेळी पिनियन हाताने फिरवून प्रीलोड मोजा, त्याला काट्याचा छोटा टॉर्क रेंच लागतो, क्लिकवाला नाही, कारण फिरताना आकडा वाचायचा असतो. जास्त आवळलं गेलं तर नट सैल करून भागत नाही, नवीन स्लीव्हच घालायची. म्हणून दोन आणून ठेवा.

माझं मत विचाराल तर पॅटर्न चांगला असेल तर बेअरिंग घरी, आणि दात गेले असतील तर डिफरन्शियल तुम्ही उतरवा, सेटिंग वर्कशॉपमध्ये करून घ्या, परत चढवा तुम्हीच. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: फक्त पिनियनचा दात तुटलाय, क्राउन चकाचक आहे. नुसता पिनियन बदलला तर?

उत्तर: नाही. दोघं कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात, बऱ्याचदा दोघांवर तोच नंबर कोरलेला दिसेल. जोडीच घ्या. आणि तुटलेला तुकडा बेअरिंगमधून गेला असणार असं धरून बेअरिंगही बदला, हाउसिंग आणि ॲक्सलच्या नळ्या धुऊन काढा.

प्रश्न: ऑइल कुठलं घालू? ब्रेक-इन (नवीन भाग हळूहळू रुळवणं) लागतो का?

उत्तर: ग्रेड मॅन्युअलमधला. अशा मागच्या डिफरन्शियलला सहसा जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, गिअरबॉक्सचं जीएल-४ उरलंय म्हणून ते ओतू नका. क्लचवालं लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरत राहू न देणारं डिफरन्शियल) असेल तर त्याचं ॲडिटिव्हही बघा. ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) तुंबला असेल तर तोही साफ करा, नाहीतर आत प्रेशर वाढून नवीन सीलमधून ऑइल बाहेर येतं. ब्रेक-इन मात्र हवाच, विशेषतः नवीन क्राउन-पिनियनला: पहिल्यांदा १५-२० मिनिटं आरामात चालवायची, मग पूर्ण थंड होऊ द्यायची, असं काही वेळा. सुरुवातीचे ८०० किमी जड ओझं, ट्रेलर काही नको, आणि तेवढं झालं की ऑइल बदला.