घोडा हट्टी नसतो

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अकलूजच्या बाजारातून वरातीसाठी आणलेला घोडा ढोल-ताशा ऐकला की जागीच खिळतो, चाबूक ओढला तर लाथा झाडतो, ‘हट्टी जनावर गळ्यात पडलं’ असं लिहिलंस. घोडा हट्टी नसतो, तो भितो. हे आधी पक्कं कर, बाकीचं मग.

त्याचे डोळे दोन्ही बाजूंना असतात. चौफेर दिसतं, फक्त कपाळापुढचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. मागून जाताना बोलत जा, पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, हात ठेवून अंगालगत वळसा घे. दोन हात लांबून गेलास तर लाथ पुऱ्या जोराने बसते. कान मागे चिकटले, शेपूट आवळली की थांब. त्या क्षणी चाबूक मारलास तर ढोल म्हणजे मार, एवढंच तो शिकतो. चाबकाने काम लवकर होतं असं मीही मानत होतो. त्याची खंत अजून आहे, म्हणून हा कडक शब्द.

सराव असा दे: ढोल दीडशे पावलांवर, हलक्या हाताने वाजव. मोहरकीला, म्हणजे तोंडावरच्या बांधणीला, लांब दोर असू दे. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे दोर, बांधून हे कधीच करू नकोस. शेजारी सरावलेला घोडा उभा कर. मान खाली आली, तोंड चघळायला लागला की ढोल बंद. रोज दहा मिनिटं, मग पावलं कमी करत जा. वाखरीच्या रिंगणात एवढ्या गजरात माऊलींचा अश्व धावतो, तेव्हा स्वाराचा अश्व सोबत असतोच ना? कळपातलं जनावर आहे ते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या दारूकामाला होम मैदानाजवळ नेण्याचं मात्र डोक्यातून काढ.

मराठ्यांचे घोडे तोफांपुढे टिकत ते सरावानेच. बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा मेला की रोजी बुडे, म्हणून शिलेदार घोडा राखून वापरी. तुझा घोडा कुणाचा आहे?

भीती नसेल तर दुखणं असेल. तंगाखाली (खोगिराच्या पोटपट्ट्याखाली) जखम, लगामाने सोललेलं तोंड, नालेचा खिळा आत गेलेला, हे रोज तपास. खुराला जखम झाली तर धनुर्वाताची लस लगेच विचार. तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला पाच-सहा किलो वाळला चारा, थोडा थोडा. चंदी, म्हणजे दाणा, एका वेळी किलोभर पुरे. कोवळी ज्वारी नको. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. पोटाकडे वळून बघतोय, लोळतोय, लीद बंद आहे, तर चारा काढ आणि डॉक्टर बोलाव. तेव्हाही लोक म्हणतील नखरे करतोय.

लग्नसराई तोंडावर आहे, कळतं. घेतलेल्या सुपाऱ्या परत कर. पुढच्या पत्रात घोडा किती पावलांवर ढोल सोसतो, तेवढं लिही.