वडिलांचा ईएफ २५ टक्के आलाय. त्यांना खरं सांगावं का?

सांगा. तुम्ही लिहिलंय की भाऊ म्हणतो, "बाबा खचतील." आमच्या दादाचंही हेच म्हणणं होतं, म्हणून एवढं लिहायला बसले.

आधी तो आकडा. ईएफ म्हणजे भरलेल्या हृदयातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर ढकललं जातं ते. ईएफ २५ म्हणजे हृदयाचा पाऊण भाग बंद पडला असं नव्हे. धडधाकट माणसाचाही ५५ ते ७० च्या आसपास असतो, १०० कुणाचाच नसतो. औषधांनी काहींचा वाढतोही.

आमच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलं. अटॅकनंतर त्यांचाही ईएफ असाच आला. दादाने परस्पर ठरवलं, अप्पांना "बीपी आहे" एवढंच सांगायचं. मग अप्पा बीपीवाल्यासारखेच वागले. खर्डा, भडंग, रविवारी पांढरा रस्सा. लघवीची गोळी वर्कशॉपला जायच्या दिवशी बंद, कारण सारखं उठावं लागतं. मी मिठावरून टोकलं की दादा मलाच गप्प करायचा, "त्यांना संशय येईल." आईलाही कुणी काही सांगितलं नव्हतं. पण रात्री आडवं झालं की अप्पांना दम लागतो हे तिलाच दिसत होतं. ती एक उशी वाढवायची, मग आणखी एक. एका रात्री ते खुर्चीतच बसून राहिले. पहाटे अ‍ॅडमिट केलं, फुप्फुसात पाणी झालं होतं.

वॉर्डात आणल्यावर मी सांगून टाकलं. "अप्पा, पंप प्रेशर देत नाही."

"मग लोड कमी करायचा की! मला काय खुळा समजला व्हय तुम्ही?"

राग आजाराचा नव्हता, लपवल्याचा होता.

घरी आल्यावर रोज सकाळी ते काट्यावर उभे राहायचे आणि आई वजन डायरीत लिहायची. (तुम्हीही हे करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, लगेच डॉक्टरांना फोन.) आईने स्वतःचं ताटही अळणी केलं. बायकोला "अगं"पलीकडे कधी हाक न मारलेला माणूस तिला घेऊन संध्याकाळी रंकाळ्यावर बसायला लागला. खात्यांवर तिचं नाव लावलं, कामगारांचा हिशेब मिटवला. २०२२ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ती बातमी त्यांनी तिला मोठ्याने वाचून दाखवली. वर आम्हा दोघांदेखत बजावलं, "मी गेलो तर मंगळसूत्र काढायचं नाहीस." नुसतं बीपी आहे असं समजणारा माणूस हे बोलला असता का?

हां, वडील आयसीयूत असतील तर बाहेर येईपर्यंत थांबा. ते स्वतःच "मला सांगू नका" म्हणाले तर त्यांचं ऐका. शक्यतो डॉक्टरांकडूनच सांगवा. औषधं नीट चालू असूनही ईएफ ३५ च्या वर जात नसेल तर आयसीडीबद्दल विचारा. हृदयाची लय अचानक बिघडली तर शॉक देऊन ती ताळ्यावर आणणारं ते यंत्र, छातीत बसवतात.

अप्पा आता नाहीत. दादा अजूनही चारचौघांत म्हणतो, मी सांगितलं म्हणून ते लवकर गेले. पाणी झालं ते मिठामुळे आणि चुकवलेल्या गोळ्यांमुळे, हे डॉक्टरांनी त्याच्याच तोंडावर सांगितलं होतं. ते मात्र त्याला आठवत नाही.