नोकरी सोडून एमएफए करू का?

*प्रिय ताई, मी २४ वर्षांची, डोंबिवलीला राहते. जेजेतून (सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) पेंटिंगमध्ये बीएफए, म्हणजे कलेची पदवी केली आणि दोन वर्षं अंधेरीच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत बॅकग्राउंड रंगवते. पगार वेळेवर येतो, पण स्वतःचा एकही कॅनव्हास झालेला नाही. लोकलमध्ये वहीत बॉलपेनने स्केचेस करते, तेवढीच: संध्याकाळच्या गाडीत गवार निवडणाऱ्या बायका, मांडीवर पेपर आणि देठ पिशवीत, पण गाडीच्या धक्क्याने रेघ हलते. आता एमएफए, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी करायचीय, जेजे नाहीतर बडोदा. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेत, घराचा अर्धा हप्ता माझ्याकडे आहे. बाबा म्हणतात, “एवढं शिकून शेवटी ड्रॉइंग टीचरच ना?” आई म्हणते, ठाण्याचं स्थळ आलंय ते आधी बघ. मी स्वार्थीपणा करतेय का?*
*– र., डोंबिवली*

प्रिय र.,

अर्धा हप्ता भरणाऱ्या मुलीला स्वार्थाची धास्ती वाटावी, कमाल आहे. तो प्रश्न इथेच सोडू.

दुसरा प्रश्न मात्र तू विचारलेलाच नाहीस. पदवी मिळाली की चित्रं आपोआप सुरू होतील, असं तुला आतून वाटतंय का? तसं होत नाही गं. चित्रकार सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात वर्षानुवर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि चित्रं काढली, कलेची पदवी नसताना. प्रभाकर बरवे जेजेचे, पण विणकर सेवा केंद्रातली नोकरी सांभाळून रंगवत राहिले. एमएफए तुला चित्रकार करणार नाही. ते देतं दोन वर्षांचा सलग वेळ, काम पसरायला जागा आणि ‘हे तू आधीही केलं होतंस’ असं तोंडावर सांगणारी माणसं. अंधेरीहून रात्री घरी पोचणाऱ्या मुलीला यातलं काहीच मिळत नाही, म्हणून मी ‘जा’ म्हणतेय.

पण यंदा नको. पुढच्या वर्षी.

पोर्टफोलिओत काय लावशील सांग. स्टुडिओची बॅकग्राउंड्स चालणार नाहीत, तो विषयही दुसऱ्याचा आणि रंगही. कॉलेजातली कामं दोन वर्षं जुनी झाली. उरली लोकलमधली वही. त्या वहीबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस: संध्याकाळच्या गाडीत गवार निवडणाऱ्या बायका, मांडीवर पेपर आणि देठ पिशवीत. बाई, तुझा विषय तिथे बसलाय! गाडीच्या धक्क्याने रेघ हलते म्हणून तू कुरकुर केलीस. मला विचारशील तर ती हललेली रेघच ठेव. रविवार राखून ठेव आणि त्या बायका मोठ्या कागदावर आण. वर्षभरात दहा-बारा धड कामं झाली तर मुलाखतीत बोलायला काहीतरी असेल. नाहीच झाली, तरी नोकरी शाबूत राहील.

जेजे की बडोदा? मी बडोदा म्हणेन. जेजेत चार वर्षं काढलीस, तिथल्या भिंती तुला पाठ आहेत. बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० ची, तिथला पेंटिंग विभाग आपल्या चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी उभा केला. मुंबईहून गाडीने पाच-सहा तास. अर्ज करण्याआधी एकदा जाऊन ये. विद्यार्थी काय करतायत ते बघ आणि तुला कोण शिकवणार ते विचार. तरी जेजेच हवं असेल, तर सीनियर्सच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हापासूनचे नियम नव्याने वाच.

पैशांचं बोलू. खासगी कॉलेजांची फी लाखांत जाते, तिकडे बघूच नकोस, आणि एमएफएसाठी कर्ज तर मुळीच काढू नकोस. चित्रं कधी विकली जातील याचा नेम नसतो, बँकेला तारीख लागते. या वर्षात पुढच्या दोन वर्षांच्या हप्त्यांसाठी पैसे बाजूला टाकायला लाग. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. वयाची अट १८ ते २५ आहे, तेव्हा जाहिरातीवर आत्तापासून डोळा ठेव. बॅकग्राउंडची फ्रीलान्स कामंही सुट्टीत घेता येतील.

बाबांना एवढंच सांग की शाळेतल्या ड्रॉइंग टीचरचा रस्ता एटीडीवरून (आर्ट टीचर डिप्लोमा) जातो. एमएफएला ५५ टक्के आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास असशील, तर कला महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाच्या जागेला अर्ज करता येतो. जागा निघतात कमी, तेही लपवू नकोस. बेस्टमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला गोड बोलण्यापेक्षा खरा हिशोब आवडेल. तो कागदावर मांडून दे: हप्ता किती, शिल्लक किती, दोन वर्षं कसं भागेल.

ठाण्याच्या मुलाला भेटायला हरकत नाही, आईचं मन राहील. मात्र पहिल्याच चहाला सांगून टाक की पुढची दोन वर्षं मी बडोद्याला असण्याची शक्यता आहे. “लग्नानंतर बघू” असं म्हणाला, तर चहा संपव आणि नऊच्या आत डोंबिवली गाठ.

– तुझी ताई