थैलीतला पगार

प्रिय बाळा,

येशूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. पाळकानं मोर्चात जावं का, निवडणुकीला उभं राहावं का, असं विचारलंस आणि खाली अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव लिहिलंस. ते नाव आलं की वादच संपतो, म्हणून मी ते जरा बाजूला ठेवतो. किंग गेले तेव्हा 39 वर्षांचे होते. अंगावर सत्तेची चरबी चढायला त्यांना वेळच मिळाला नाही. तुझ्यासारख्याला मी दुसराच पाळक वाचायला सांगेन, ॲडम क्लेटन पॉवेल. बाप आणि लेक दोघांचं नाव एकच आणि दोघेही पाळक. मी बोलतोय ते लेकाबद्दल.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांची मंडळी, ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्च. ॲबिसिनिया म्हणजे आपल्या बखरींतल्या हबशांचा मुलूख. चर्चमध्ये काळ्यांना वेगळं बसवतात म्हणून 1808 साली काही जण उठून बाहेर पडले आणि त्यांनी ही मंडळी काढली. म्हणजे राजकारण तिथं पाळकानं आणलं नाही, ते पायाभरणीतच होतं. 1930 च्या मंदीत धाकटे पॉवेल बापाच्या हाताखाली चर्चमधून गरिबांना जेवण आणि कपडे वाटायचे. ते करताना त्यांच्या लक्षात आलं की 125 व्या रस्त्यावरच्या दुकानांत गिऱ्हाईक सगळं काळं आणि गल्ल्यावर माणूस गोरा. मग फलक घेऊन लोक दुकानांसमोर उभे राहिले. जिथं आम्हाला नोकरी नाही, तिथं आमची खरेदी नाही.

आता नीट वाच. त्याच रस्त्यावर काळा शिक्षक होता, पोस्टातला कारकून होता, हमाल होता. त्यांनी फलक धरला तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाण्याची धास्ती. पॉवेल यांचा पगार मात्र रविवारच्या अर्पणाच्या थैलीतून यायचा आणि ते अर्पण टाकणारे हात मोलकरणींचे, मजुरांचे होते. कुठल्याही गोऱ्या मालकाला त्यांना कामावरून काढता येत नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतही पाळक इतक्या संख्येनं पुढं दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच. आपण उगाच त्याला सगळं आत्म्याचं सामर्थ्य म्हणतो. आत्मा होताच, पण थैलीही होती.

1937 मध्ये ते मुख्य पाळक झाले, 1941 मध्ये शहराच्या कौन्सिलवर गेले आणि 1945 मध्ये वॉशिंग्टनला, काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. तिथल्या सभागृहाच्या भोजनगृहात काळ्या माणसाला वाढत नसत. पॉवेल यांनी आपल्या कचेरीतल्या लोकांना सांगितलं, भूक असो नसो, तिथं जाऊन जेवा. मला हा प्रसंग त्यांच्या भाषणांपेक्षा आवडतो. मग वर्षानुवर्षं ते एकच दुरुस्ती मांडत राहिले की जी संस्था वंशभेद करते तिला सरकारी पैसा मिळू नये. स्वपक्षीयसुद्धा वैतागायचे. ही दुरुस्ती चिकटवली की दक्षिणेतले सभासद आख्खं विधेयकच पाडतात, असं म्हणायचे. पण 1964 च्या नागरी हक्क कायद्यात तेच तत्त्व कायदा होऊन बसलं. 1961 पासून शिक्षण आणि कामगार समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. किमान वेतन, शाळांना मदत, गरिबीविरोधी कार्यक्रम, सगळं त्या टेबलावरून गेलं.

आणि त्याच माणसानं 1960 मध्ये किंग यांना धमकावलं. आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासमोरची निदर्शनं थांबवा, नाहीतर तुमच्याबद्दल खोटी कुजबूज उठवतो. समितीच्या पैशानं परदेशवाऱ्या झाल्या. पत्नी पोर्तो रिकोत राहायची आणि तिचा पगार त्यांच्या कचेरीच्या पगारपत्रकावर निघायचा. बाकीचेही हेच करतात, असं त्यांचं उत्तर होतं. खोटं नव्हतं ते. पण आपल्याकडे मंडळीचा हिशेब बघणाऱ्या पंच कमिटीसमोर कुणी हे उत्तर दिलं तर कसं वाटतं, ते तू पाहिलं आहेस.

टीव्हीवर त्यांनी हार्लेममधल्या एका विधवा बाईवर लाचखोर पोलिसांसाठी पैसे गोळा करण्याचा आरोप केला. तिनं दावा लावला आणि ती जिंकली. यांनी भरपाई भरली नाही, कोर्टानं अवमानाबद्दल अटकेचा हुकूम काढला. दिवाणी वॉरंट रविवारी बजावता येत नसे. त्यामुळं पॉवेल फक्त रविवारी हार्लेमला यायचे, संदेश द्यायचे आणि सोमवारच्या आत शहराबाहेर! पुढं फौजदारी वॉरंट निघालं आणि तो रविवारही गेला. ज्या मंडळीच्या थैलीनं या माणसाला निर्भय केलं, तिच्या दारात त्याला अटक टाळायला वार बघून यावं लागलं. या चित्रापाशी मी दरवेळी थांबतो.

1967 मध्ये काँग्रेसनं त्यांना जागेवर बसूच दिलं नाही. हार्लेमनं त्यांना पुन्हा निवडून दिलं, आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की असं बाहेर ठेवणं घटनाबाह्य होतं. सभागृहातल्या अनेकांचा राग हिशेबापेक्षा कातडीवर होता, यात मला शंका नाही. तरी हिशेबाची वही त्यांच्या हातात आयती दिली कुणी? 1970 मध्ये पक्षाची उमेदवारी ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत ते थोडक्या मतांनी हरले, 1972 मध्ये वारले.

माझी गोष्ट लहान आहे. नगर जिल्ह्यातल्या एका गावी मी नवा होतो, चर्चचे पत्रे गळत होते. एका उमेदवारानं नवे पत्रे टाकून दिले. पुढच्या रविवारी तो पहिल्या बाकावर येऊन बसला. मी संदेशासाठी आमोस काढला होता, गरिबांना लुबाडणाऱ्या श्रीमंतांना झोडपणारा संदेष्टा. ऐन वेळी पान उलटलं आणि दिलाशाचं स्तोत्र 23 घेतलं. भक्तीनंतर एका म्हातारीनं हात मिळवला आणि हळूच विचारलं, "पाळकसाहेब, आज पत्र्यांनी संदेश दिला का?"

तेव्हा मोर्चाला जा. निवडणुकीचं मी नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. आधी सुट्टीत इकडं ये. दुसऱ्या शनिवारी पंच कमिटी असते. यंदाचा हिशेब तू मोठ्यानं वाचायचा, पावत्यांसकट. माझा प्रवासखर्चही त्यात आहे. श्रीरामपूरच्या फेरीची एक पावती सापडत नाहीये, त्यावर ती म्हातारी, आता नव्वदीची, मला विचारणारच आहे.

तुझा,
जुना पाळक