फरशी रंगली, पुढे काय?

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे. फरशीवर अंक, बाराखडी रंगवून घेतली, मुलांना गटात बसवते. तरी शेवटी फळ्यापाशी उभी राहून मीच सगळं सांगते. त्यात पालक म्हणतात, ‘बाई शिकवत नाहीत, पोरं नुसती खेळतात.’ काय करू?
— एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, फरशीचं फार मनावर घेऊ नका. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळा मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीसाठी, म्हणजे ज्ञानरचनावादासाठी गाजल्या आणि त्या पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परतल्यावर बऱ्याच जणांनी आधी ऑइलपेंटचा डबा आणला, कारण फोटोत तेवढंच दिसतं. केंद्रप्रमुख असताना असे वर्ग मी पुष्कळ पाहिले. फरशीवर शंभरपर्यंत अंक, आणि मुलं भिंतीला टेकून बाईंच्या मागे पाढे म्हणताहेत!

उद्या दुसरीची वजाबाकी घ्या. ५२ वजा २७. रबर लावलेले दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. ‘यातल्या सत्तावीस मला दे’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. दोन सुट्यांतून सात निघत नाहीत. मूल तुमच्या तोंडाकडे बघेल. इथेच आपल्याला राहवत नाही. ‘शेजारून उसना घे’ म्हणालात की संपलं, पुढे ते नुसतं सांगितलेलं करतं. थांबलात तर कुणीतरी गठ्ठ्याचं रबर काढतं. कुणी तीन गठ्ठे देऊन तीन काड्या परत मागतं, तेही बरोबरच. दोघांना एकमेकांशी वाद घालू द्या, मग फळ्यावर मांडा. फळा सोडायचा नाही, तो शेवटी आणायचा.

तोवर पहिलीची मुलं उद्यासाठी गठ्ठे बांधतील. एखाद्यात नऊ निघतील, एखाद्यात अकरा. तपासणी दुसरीवाल्यांकडे द्या, भांडणं झाली तरी चालतील.

अभ्यासक्रम सुरुवातीला थोडा मागे पडतो, म्हणून रोज एकच तास असा घ्या.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ कृतीतून आणि शोधातून शिकण्याबद्दलच बोलतं. पण ते साहेबांसाठी राखून ठेवा, पालकांना वाचून दाखवू नका. पालकांचा निम्मा राग कोऱ्या वहीवर असतो. काड्यांनी सोडवलेलं गणित मुलांना रोज वहीत उतरवायला लावा, चित्रासकट. आणि एखाद्या शनिवारी आयांना बोलावून तेच गठ्ठे त्यांच्या हातात द्या.