दोघांनी मिळून दोनशे किलोमीटर

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही दोघं पहिल्यांदाच एका दिवसात २०० किलोमीटर सायकल चालवणार, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलं आहेस ते सगळं सायकलीबद्दल: टायर किती रुंद, गिअर कोणते, सामान कुठे बांधायचं. सायकलीचंही शेवटी थोडक्यात सांगतो, पण सायकल नीट तपासून घेतली असेल तर एवढ्या अंतरात ती सहसा दगा देत नाही. बिनसतं ते दोघांमध्ये, आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात कुणीतरी गप्प राहिल्यामुळे होते.

माझ्या पहिल्या लांब पल्ल्याच्या दिवशी तो गप्प राहणारा मी होतो. सोबतचा मित्र माझ्याहून दमदार. सकाळी गार हवेत आम्ही सुसाट निघालो आणि मी त्याच्या मागच्या चाकावर नजर लावून जीव तोडून पायडल मारत राहिलो. भूक लागली होती, पण ‘थांबूया’ म्हणायची लाज वाटली. १२० किलोमीटरच्या आसपास पायांतलं बळच गेलं. बाटलीचं झाकण उघडताना बोटं थरथरत होती, घास तोंडात घातला तर तो तसाच घोळत राहिला, गिळवेना. पुढून त्याच्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येत होती. म्हणजे पायडल मारायचं सोडून तो माझ्यासाठी वेग कमी करत होता. तो माझी काळजी घेत होता आणि मला मात्र त्या आवाजाचा राग येत होता. शेवटी रस्त्याकडेला बसलो तेव्हा तो म्हणाला, “तासाभरापूर्वी बोलला असतास तर बरं झालं असतं रे, मलाही भूक लागली होती.”

ते का झालं, हे समजून घे. जोरात श्रम करताना स्नायू आणि यकृत यांत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साधारण दीड-दोन तास पुरतं. ते संपत आलं की शरीर चरबीवर चालतं खरं, पण त्या इंधनावर तसा वेग राखता येत नाही, आणि रक्तातली साखर उतरली की डोकंही चालेनासं होतं. चिडचिड होते ती त्यातूनच. म्हणून पहिल्या तासापासूनच खायला लागायचं, दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं. पाणी घोट-घोट, सतत. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, आणि बढाईपोटी पायडल मारू नका, हे पॉल द व्हिवी सांगून गेला. व्हेलोसिओ या नावाने लिहिणारा हा फ्रेंच माणूस सायकल-भटकंतीचा आद्य पुरस्कर्ता, १९३० साली वारला. त्याचा तो बढाईचा नियम मला सगळ्यांत अवघड गेला. तुम्ही दोघांनी घड्याळाकडे बघूनच खायचं ठरवा, म्हणजे कुणालाच मागावं लागणार नाही.

वेग दोघांतल्या हळू माणसाचा. पहिले दोन तास तर असे चालवा की दोघांना पूर्ण वाक्यं बोलता यावीत. गप्पा तुटक व्हायला लागल्या की समजायचं, जास्त होतंय. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी जेमतेम १५ किलोमीटर. ताशी २२ च्या वेगाने चालवलं तर प्रत्यक्ष सायकलवर नऊ तास जातात. बाकीचा वेळ जातो तो थांब्यांत. वीस-वीस मिनिटांचे दहा थांबे म्हणजे तीन तास वीस मिनिटं! तेव्हा चढावर ऊर फुटेपर्यंत पायडल मारून दोन मिनिटं वाचवण्यापेक्षा थांबे आटोपशीर ठेवलेले बरे.

वारा समोरून असेल तर जो ताजा आहे त्याने पुढे राहावं. वेग दुप्पट केला तर हवा कापायला लागणारी शक्ती आठपट होते, म्हणून मागच्याला पुढच्याचा आडोसा फार मोलाचा. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव: तुझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही नेऊ नकोस. तो खड्डा चुकवायला जरा जरी वळला तरी चाकाला चाक घासतं आणि पडतो तो मागचा. पुढे असशील तेव्हा खड्डा, खडी, गाडी, सगळं हाताने दाखव आणि तोंडाने सांग. अचानक ब्रेक दाबू नकोस.

चढावर मात्र एकत्र राहायचा हट्ट नको. ज्याची त्याची लय वेगळी असते, दुसऱ्याच्या लयीत चढलं की दोघांचीही दमछाक होते. माथ्यावर भेटा. आणि आधी पोचलेल्याने, दुसरा धापा टाकत येताक्षणी ‘चला’ म्हणू नये. त्याची विश्रांती झालेली असते, येणाऱ्याची अजून सुरू व्हायची असते. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि मी कितीतरी वर्षं ही चूक सोबत्यांच्या बाबतीत केली.

सायकलीचं थोडक्यात. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट उंच. नवी सीट, नवे बूट त्या दिवशी वापरायचे नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं तर तळहाताजवळची नस दबते आहे, हँडलवरची पकड बदलत राहा. पंक्चर झालं तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरव. मी एकदा घाईत ते टाळलं. तारेचा नखाएवढा तुकडा आतच राहिला आणि दहा मिनिटांत नवी ट्यूबही पंक्चर झाली. तेव्हा दुसऱ्याने शेजारी उभं राहून घाई करू नये, चाक धरावं.

परत फिरायचं झालं तर कुठून, हे घरीच ठरवा. दुपारच्या उन्हात, थकलेल्या डोक्याने तो निर्णय घ्यायला लागला की कुणीही आधी बोलत नाही. गुडघा दुखतोय, झोप येतेय, आज मन लागत नाही, काहीही असो, कळताक्षणी सांग. सोबत्यालाही आदल्या रात्रीच सांगून ठेव की तू विचारणार आहेस, आणि खरं उत्तर हवं आहे.

पोचलात की पत्र लिही. किती वेळ लागला ते नंतर सांग. आधी मला हे वाचायचं आहे की ‘थांबूया’ पहिल्यांदा कोण म्हणालं.

तुझा,
काका